दगडांतला नाही, झाडांतला नाही

जगात ती भाषा बोलणारी माणसं एकूण दोन होती, आणि त्यांतलं एक हल्ली बोलायला टाळाटाळ करू लागलं होतं. एखाद्या भाषेची अर्धी लोकसंख्या अशी गप्प बसली की सरकार समिती वगैरे नेमतं. माळीबुवाकडे सरकार नव्हतं. त्याच्याकडे एक बायको होती, एक आई होती आणि मध्ये प्लायवूडची एक भिंत होती.

माळीबुवा हे काही त्याचं नाव नव्हे, आणि धंदाही नव्हे. तो वनस्पती उद्यानात झाडांच्या पाट्या लिहायचा. कुदळ त्याने जन्मात धरली नव्हती, पण झाडांबद्दल बोलायला लागला की अशा थाटात बोलायचा, जणू सगळी त्यानेच लावलीत. म्हणून बायकोने लग्नानंतर आठवड्याभरात हे नाव ठेवलं. ती स्वतः कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती, पोरांना दगड ओळखायला शिकवायची. पोरं तिला खडकबाई म्हणायची. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि पुढे पुढे प्राचार्यसुद्धा.

घर म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली आणि मागे स्वयंपाकघर. लग्न ठरलं तेव्हा सुताराने खोलीच्या मधोमध प्लायवूड ठोकून दिलं. अलीकडे जोडपं, पलीकडे आई. लाकूड पुरलं नाही म्हणून भिंत छतापर्यंत गेलीच नाही. सुतार जाताना म्हणाला, "आवाज जाईल आरपार, पण लाज अडेल." आणि आईचे कान असे, की स्वयंपाकघरात कुणी पावाला लोणी लावलं तर ती पलीकडून सांगायची, "जास्त झालं."

साध्या मराठीत दोघांना काही खाजगी बोलायची सोय नव्हती. साध्या इंग्रजीतही नव्हती. आईने सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. लोकांचं खाजगी बोलणं ऐकायचं आणि काहीच न ऐकल्यासारखा चेहरा ठेवायचा, याची तिला पेन्शन मिळत होती.

उपाय खडकबाईला सुचला. ज्या इंग्रजीत कुणी कुणाला फोन करत नाही, ती इंग्रजी वापरायची. तिच्याकडे दगडांचे शब्द होते, त्याच्याकडे झाडांचे. दोघांनी आपापला माल मांडला. शिकवणी सकाळी बेसिनपाशी चालायची.

"बॅथोलिथ," ती तोंडात ब्रश ठेवून म्हणायची.

"जमिनीखाली थिजलेला अवाढव्य खडक. वर टेकाडाएवढा दिसतो, खाली जिल्हेच्या जिल्हे पसरलेला. हलवता येत नाही."

"उदाहरण?"

तो प्लायवूडकडे बोट दाखवायचा. पैकीच्या पैकी मार्क मिळायचे.

अशी आईची बॅथोलिथ झाली. खरकट्या भांड्यांच्या ढिगाला मोरेन हे नाव पडलं. हिमनदी सरकताना जो दगडगोट्यांचा ढीग मागे टाकून जाते, तो. स्वयंपाकघरात सापडलेला त्याचा मोजा म्हणजे एरॅटिक, हिमनदीने भलत्याच मुलखात आणून टाकलेला परका धोंडा. त्याने तिला गटेशन दिलं. काही पानांच्या कडांना सकाळी आपसूक थेंब येतात. पाऊस नसतो, दवही नसतं. आईच्या रडण्याला हा शब्द इतका चपखल बसला की त्यांना एकदा बाहेर जाऊन हसावं लागलं. वाळलेली शेंग तडकते ते डीहिसन्स. तो वरिष्ठांशी भांडून आला की ती दारातच विचारायची, "डीहिसन्स?" आणि तो बूट काढता काढता मान हलवायचा.

आणि अँथेसिस. फूल उमलतं ती घटका. हा शब्द त्याने तिला सगळ्यांत शेवटी, कानात दिला. तिने उदाहरण मागितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. मग तो शब्द चहाचे कप विसळताना आला, चादरीच्या घड्या घालताना आला, पलीकडे आई वर्तमानपत्राची पानं उलटत असताना आला. इतक्या जड शब्दांत इतका हलका संसार दुसऱ्या कुणी केला नसेल.

पुढे काय बिनसलं, हे त्याला सांगता आलं नसतं. भांडण असं झालंच नाही. खडकबाईच्या शास्त्रात एक प्रकार आहे, अनकन्फॉर्मिटी. खडकाचे दोन थर एकावर एक नीट बसलेले दिसतात, पण मधली लाखो वर्षं गायब असतात. त्या काळात काय घडलं याचा मागमूस नाही. तसं. खालच्या थरात ती हसत होती. वरच्या थरात ती चष्मा शोधत होती आणि "काही नाही" म्हणत होती. "काही नाही" हे मराठी होतं. ते त्याला फार झोंबायचं.

तरी तो नेटाने शब्द आणत राहिला. इतर नवरे घरी येताना फुलं आणतात. उद्यानात फुलं तोडायला बंदी होती. तो दारातून म्हणायचा, "क्रिप्टोगॅम! फूलच न येणारी झाडं." ती म्हणायची, "हं." हा 'हं' त्याने दोन्ही शास्त्रांत शोधला. नव्हता.

मग एका रविवारी दुपारी दोघं टीव्हीसमोर बसले असताना आई आपल्या बाजूने आली आणि टीव्हीच्या ऐन पुढ्यात उभी राहून रिमोट शोधू लागली. रिमोट तिच्याच हातात होता.

"ऑकल्टेशन," खडकबाई छताकडे बघत म्हणाली, आणि स्वतःशीच हसली.

माळीबुवाही हसला. शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. पण कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन बोलली होती.

"नवा दगड?" त्याने विचारलं.

"हं."

या वेळचा 'हं' त्याला गोड लागला. त्या दिवशी अख्खा मोरेन त्याने एकट्याने घासला, आणि घासताना शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी खडकबाई लवकर निघून गेली. तो दाढी करत होता.

"अरे, ऐकतोस का?" प्लायवूड म्हणालं.

"बोल."

"तो कालचा शब्द आपल्या घरातला नाही."

"कुठला?"

"ऑकल्टेशन. दगडांतला नाही, झाडांतलाही नाही. मी सगळं आठवून पाहिलं."

रेझर गालावर आहे तिथेच थांबला. "आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"न कळायला काय झालं? बॅथोलिथ म्हणजे मी. गटेशन म्हणजे माझं रडणं. चांगलं नाव दिलंत हो. तुझे वडील नुसतं 'नळ सुटला' म्हणायचे."

"किती वर्षं?"

"पहिला उन्हाळा जड गेला. मग बसलं डोक्यात. एक्स्चेंजमध्ये मी तस्करांची भाषा शिकले होते, ते लोक तर एक उदाहरण द्यायचे नाहीत. तुम्ही रोज सकाळी उजळणी घेत होतात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं. लाइन तुटायला लागली तरच बोलायचं, असा नियम होता."

माळीबुवाने गालावरचा साबण पुसला. अर्धाच गाल झाला होता. त्याच्या मनात एकच शब्द आला, आणि तो आईसमोर कसा उच्चारावा हे त्याला कळेना.

"म्हणजे... सगळेच शब्द तुला..."

"तो आला की मी रेडिओ लावायचे," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "रेडिओ बिघडला की काय ते बघायला पाहिजे. बरीच वर्षं लावलेला नाही."

त्याने उरलेला गाल करायला घेतला. मग रेझर धुऊन ठेवून दिला.

"आता नीट ऐक," आई म्हणाली. "दगडाचं बोलताना ती खाली बघते. झाडाचं बोलताना तू समोर बघतोस. काल ती वर बघत होती."

"छतावर पाल असेल."

"पालीकडे बघून बाई अशी हसत नाही, बाळा. आणि तूच तिला एकदा सांगत होतास ना, पान गळायच्या आधी देठाशी एक पडदा धरतो म्हणून? वारा मागाहून येतो, पडदा आधीच झालेला असतो म्हणून? काय बरं तो शब्द?"

"अॅब्सिजन."

"तोच. तर पडद्याचं बघ आधी."

"तुझं काहीतरीच असतं," तो म्हणाला आणि एका गालाने गुळगुळीत असा कामावर गेला.

उद्यानाच्या ग्रंथालयात जाडजूड कोश होता. त्यात लिहिलं होतं की आकाशातली एक वस्तू दुसरीच्या पुढे येऊन तिला झाकते, तेव्हा त्याला ऑकल्टेशन म्हणतात. त्याने कोश मिटला. मग पुन्हा उघडून पाहिलं, मधल्या काळात अर्थ बदलला असेल म्हणून. आकाश. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला हे कुठून सुचावं?

त्याच आठवड्यात खडकबाई वाचायचा चष्मा घरी विसरून गेली. आईचा हात तो चष्मा घेऊन प्लायवूडच्या वर उगवला.

"नेऊन दे. बारीक खडे दिसायचे नाहीत बिचारीला."

"प्रयोगशाळेत देऊन येतो."

"आधी गच्चीवर बघ," बॅथोलिथ म्हणाली.

कॉलेजच्या गच्चीवर एक पत्र्याचा घुमट होता, पालथ्या पातेल्यासारखा. त्याच्यासमोर भर उन्हात पोरांची रांग. माळीबुवा रांगेत उभा राहिला. रांग दिसली की तो उभा राहायचा, हा त्याचा स्वभाव होता. दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडून त्यावरचे डाग दाखवत होते. दाखवणारे सर त्याच्याच वयाचे, बाह्या दुमडलेले, कानावर खडू खोचलेले. पोरं त्यांना दुर्बीणवाले म्हणत होती.

घुमटाची झडप अडकली होती. दोन पोरांनी दोरी ओढली. झडप किंचाळत किंचाळत उघडली आणि आत उजेडाचा पट्टा पडला. दुर्बीणवाल्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले,

"अँथेसिस!"

"अँथेसिस!" अख्ख्या रांगेने मागून आरोळी ठोकली.

माळीबुवाला वाटलं, आपला पाय घसरला. पण गच्ची सपाट होती आणि तो जागच्या जागी उभा होता.

"हे काय?" त्याने पुढच्या मुलीला विचारलं.

"काका, झडप उघडली की म्हणायचं असतं. सरांचं आहे ते."

"म्हणजे काय पण?"

"काय माहीत. उघडलं की म्हणायचं."

त्याचा नंबर आला. पुठ्ठ्यावर सूर्य बशीएवढा होता आणि त्यावर दोन-तीन काळे ठिपके होते.

"एकेक डाग पृथ्वीएवढा आहे," दुर्बीणवाले प्रेमाने म्हणाले. माणूस चांगला होता, हीच पंचाईत होती.

"घरून दिसत नाहीत," माळीबुवा म्हणाला. मग म्हणाला, "तुमचा तो शब्द छान आहे. आकाशातला का?"

"छे हो, झाडांतला. उसना घेतलाय एकीकडून."

"परत करणार?"

दुर्बीणवाले मोकळेपणाने हसले. मग त्यांची नजर त्याच्या हाताकडे गेली. "अरे! हा तर खडकबाईंचा चष्मा. उजवी काडी दोऱ्याने बांधलेली. सकाळपासून शोधताहेत त्या. द्या इकडे, त्या येतीलच आता वर."

आणि माळीबुवाने दिला. उजव्या काडीचा दोरा त्याने स्वतः बांधला होता. पण आयुष्यभर पाट्या लिहिणाऱ्या माणसाची एक खोड असते: कुणी ठाम आवाजात सांगितलं की ही वस्तू अमक्याची, की तो वाद घालत नाही, अक्षर कसं काढायचं याचा विचार करू लागतो.

संध्याकाळी ती चष्मा लावूनच घरी आली. तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. पलीकडे वर्तमानपत्राचा आवाज नव्हता.

"चष्मा मिळाला," ती म्हणाली.

"ऑकल्टेशन," तो म्हणाला. हा उच्चार त्याने दुपारभर निवडुंगांच्या काचघरात घोटला होता. निवडुंगांनी काही हरकत घेतली नव्हती.

ती स्टूल ओढून बसली. तिने एक बटाटा उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला. बटाट्याकडेही ती नमुना म्हणून बघायची. मग म्हणाली, "महिनाअखेरीस मी जातेय."

सरळ मराठीत. कर्ता, कर्म नाही, क्रियापद. त्याला वाटलं, ही अजून काहीतरी पुढे बोलेल, एखादा खडक तरी येईल. आला नाही.

"त्याच्याकडे?"

"आधी ताईकडे. मग त्याच्याकडे."

त्याला विचारायचं होतं, का. निघालं भलतंच. "तो शब्द का दिलास त्याला? मोरेन द्यायचास. एरॅटिक द्यायचास. अख्खा भूगर्भ तुझा होता, मी अडवलं असतं का? तो एक माझा होता. पोरं ओरडतात तो आता. रांगेत."

"पडून होता रे तो," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. "तू शेवटचा कधी वापरलास?"

तो आठवू लागला. सुरी बटाट्यात रुतून राहिली. तो मागे मागे गेला, थरामागून थर, आणि मधेच सगळं गायब होतं. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता. रेडिओचं बटण काही वाजलं नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थांब. माळीबुवाच्या तोंडात तो शब्द आलाही. पण इतक्या वर्षांत तिला काही मनापासून सांगायचं म्हणजे त्या भाषेतच सांगायचं, ही सवय हाडांत भिनली होती. त्याने दोन्ही शास्त्रं उलटीपालटी केली. 'थांब'ला शब्दच नव्हता. दगड थांबण्याखेरीज दुसरं काही करत नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी तसं सांगायला जात नाही. झाडांचंही तेच. शेवटी कुठल्याशा जुन्या पाटीवरचा एक सापडला.

"मार्सेसन्ट," तो म्हणाला.

तिने चष्मा काढला. "वाळलेलं पान. पण गळत नाही ते."

"हो. काही झाडं अख्खा हिवाळा तशीच उभी असतात. म्हणजे... चालतं तसं. पुष्कळांचं चालतं."

"झाडाचं चालतं," ती म्हणाली. "पानाला कुणी विचारलं?"

त्याने बटाट्यात रुतलेली सुरी उपसून काढली.

"मागच्या वर्षी माझी दाढ दुखत होती, आठवतंय? मी तुला म्हणाले, फॉल्ट लाइन. खडकाला तडा जातो तशी, जबडाभर. तू काय म्हणालास?"

"वा, चपखल."

"वा, चपखल. आणि गेलास कामावर. कॉलेजात मी त्याला म्हणाले, दाढ दुखतेय. तो डॉक्टरकडे घेऊन गेला."

"चपखल होतं पण," तो म्हणाला.

"होतं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याला कारण होतं, म्हणून त्याला गटेशन म्हणता येत नव्हतं.

"सूनबाई," पलीकडून आवाज आला, "बटाटे राहू देत. मी करते."

"तुम्ही बसा आई, मी करतेय. आणि ऐकत होतात तर या ना इकडेच. मला केव्हाचं माहीत आहे."

"केव्हापासून गं?"

"एकदा दुपारी तुम्ही झोपेत 'अनकन्फॉर्मिटी' म्हणालात. स्पष्ट. माझ्या पोरांना जमत नाही इतकं स्पष्ट."

"अगंबाई," आई म्हणाली, आणि तशातही तिचा सूर जरा खुलला.

माळीबुवा एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. म्हणजे सुनेला कळलं होतं की सासूला कळतंय. इतकी वर्षं ही भाषा गुप्त होती खरी, पण ती गुप्त आहे असं मानणारा माणूस घरात एकच होता.

महिनाअखेरीस ती गेली. कपड्यांची एक बॅग, आणि नमुन्यांचं एक खोकं. खोकं जड होतं, म्हणून त्याने उचलायला मदत केली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. टॅक्सीवाला डिकी उघडून म्हणाला, "काय दगड भरलेत की काय?"

"हो," दोघं एकदम म्हणाले.

एवढ्यावर त्यांना पूर्वी आठवडाभर हसू आलं असतं. तिने ओठ दाबले आणि दार लावून घेतलं. टॅक्सी वळताना तिने मागे पाहिलं का, हे त्याला दिसलं नाही. काचेवर आभाळ आलं होतं.

घरात येऊन त्याने स्क्रू-ड्रायव्हर शोधला आणि प्लायवूडचा पहिला स्क्रू काढायला घेतला.

"काय चाललंय?" आईने विचारलं.

"भिंत काढतोय. आता काय करायचीय?"

"राहू दे."

"अगं, पण आता लपवायचं कुणापासून?"

"तसं नव्हे," आई म्हणाली. "समोरासमोर बसून मी तुझ्याशी काय बोलू? आपलं कधी बोलणं झालंय?"

त्याने आठवून पाहिलं. त्या दाढीच्या सकाळचं सोडलं तर नव्हतं, आणि तेही मध्ये भिंत होती म्हणून झालं होतं. त्याने स्क्रू परत पिळला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिला. स्वयंपाकघरात भांडी सकाळपासून तशीच होती.

बऱ्याच वेळाने प्लायवूड खाकरलं.

"मोरेन कोण घासणार?"

त्याने स्क्रू-ड्रायव्हर पायाने पलंगाखाली सरकवला.

"आणि तुझा एक एरॅटिक ओट्याखाली पडलाय. दुसरा कुठाय?"

"मार्सेसन्ट," तो पुटपुटला. का, ते त्यालाही कळलं नाही.

"तो मी नव्याने ऐकला त्या दिवशी. पाठ केलाय," आई म्हणाली. "ऊठ. बॅथोलिथला चहा हवाय."

तो उठला आणि त्याने पाणी चढवलं. जगात ती भाषा बोलणारी माणसं पुन्हा दोन झाली होती. भाषेतला एक शब्द तेवढा कमी झाला होता. तो रोज दुपारी, ऊन असेल तर, गच्चीवर पोरं ओरडून म्हणत होती.